थर्मिस्टरचं चिन्ह कसं वाचायचं? सर्किट डायग्राममधली तिरकी रेघ, शेपटी आणि वजा-अधिकचा अर्थ

फ्रिजच्या मागे चिकटवलेला वायरिंगचा कागद, एसीच्या झाकणाच्या आतली आकृती किंवा रिपेअरिंगच्या एखाद्या व्हिडिओत दाखवलेलं सर्किट डायग्राम तुम्ही पाहिलं असेल. त्यात कुठेतरी एक छोटा आयत असतो आणि त्याला कापत जाणारी एक तिरकी रेघ असते. रेघेच्या खालच्या टोकाला बारीकशी आडवी शेपटी आणि शेजारी इंग्रजी लहान 'टी', त्यावर अंशाचं चिन्ह.

हे थर्मिस्टरचं चिन्ह. थर्मिस्टर म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर.

मोबाईलची बॅटरी, ई-स्कूटर, एसी, फ्रिज, टीव्हीचा पॉवर सप्लाय, आशाताईंच्या पिशवीतला डिजिटल थर्मामीटर आणि नवजात बाळाला ऊब देणारं रुग्णालयातलं यंत्र, या सगळ्यांत थर्मिस्टर सापडतो. तरीही त्याचं चिन्ह वाचताना गोंधळ होतो. एकाच वस्तूची दोन-तीन चिन्हं आहेत, आणि भलत्याच वस्तूंची चिन्हं तशीच दिसतात.

थोडक्यात सांगायचं तर:

• तिरकी रेघ सांगते की ही वस्तू बदलते.
• रेघेला बाणाचं टोक नसेल, तर ती कुणी न फिरवता आपोआप बदलते.
• शेजारचं अक्षर सांगतं की ती कशामुळे बदलते.
• वजा किंवा अधिक चिन्ह सांगतं की तापल्यावर रेझिस्टन्स कमी होणार की जास्त.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सेन्सरची तार तुटली तर यंत्र कोणत्या बाजूला चुकेल, हे त्या एका वजा-अधिकवरून कळतं.

सास्तूरच्या घरात थर्मिस्टर कुठे कुठे असतो?

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर हे ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या गावांपैकी एक. त्यानंतर गाव पुन्हा उभं राहिलं. आज तिथल्या घरांत फ्रिज आहे, मोबाईल तर प्रत्येकाच्या हातात आहे. मे महिन्यात या भागात पारा चाळीसच्या वर जातो, डिसेंबरच्या पहाटे अंगावर काटा येतो आणि लाईट येत-जात राहते.

थर्मिस्टरची परीक्षा बघणाऱ्या तिन्ही गोष्टी इथे आहेत: कडक ऊन, थंडी आणि वारंवार जाणारी लाईट. म्हणून या लेखातली उदाहरणं याच हवामानातली घेतली आहेत.

थर्मिस्टर म्हणजे नेमकं काय?

रेझिस्टन्स म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. पुस्तकी मराठीत त्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. साध्या रेझिस्टरची किंमत तापमानाने फारशी बदलत नाही, बदलू नये अशीच तो बनवणाऱ्यांची इच्छा असते. थर्मिस्टर मात्र मुद्दाम बदलेल असाच बनवलेला असतो. 'थर्मल' आणि 'रेझिस्टर' हे दोन शब्द जोडून त्याचं नाव तयार झालं.

त्याचे दोन प्रकार आहेत.

एनटीसी: तापलं की रेझिस्टन्स कमी होतो. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साईडपासून हा बनवतात. मायकेल फॅरेडेला १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाईडमध्ये हा गुण पहिल्यांदा दिसला होता. वापरता येईल असा थर्मिस्टर यायला त्यानंतर जवळपास शंभर वर्षं गेली. त्याचं श्रेय अमेरिकन संशोधक सॅम्युएल रुबेन यांना दिलं जातं आणि साल सांगितलं जातं १९३०.

पीटीसी: तापलं की रेझिस्टन्स वाढतो. यातला नेहमीचा प्रकार बेरियम टायटेनेटचा असतो. तो हळूहळू वाढत नाही. ठरावीक तापमानापर्यंत शांत असतो आणि ते ओलांडलं की रेझिस्टन्स एकदम हजारपटींनी चढतो. म्हणून पीटीसी बऱ्याचदा आपोआप बंद होणाऱ्या स्विचसारखा वापरतात.

एनटीसी किती बदलतो, हे आकड्यांत बघा. बाजारात सर्रास मिळणारा '१० किलो-ओहम, बीटा ३९५०' असा एनटीसी घेतला, तर त्याचा रेझिस्टन्स साधारण असा राहतो:

• ० अंशांना: सुमारे ३३,००० ओहम
• १२ अंशांना: सुमारे १८,००० ओहम
• २५ अंशांना: १०,००० ओहम
• ४२ अंशांना: सुमारे ४,९०० ओहम
• १०० अंशांना: सुमारे ७०० ओहम

एनटीसीवर लिहिलेली किंमत बहुतेक वेळा २५ अंश सेल्सिअसची असते. म्हणजे सास्तूरमधल्या एखाद्या दुकानात मे महिन्याच्या दुपारी '१० किलो'चा एनटीसी मीटरवर ५ किलोच्या आसपास दाखवत असेल, तर तो खराब झालेला नाही. डिसेंबरच्या पहाटे तोच १८ किलो दाखवेल. दोन्ही वेळा तो खरंच बोलतोय.

चिन्ह वाचायचं कसं?

हे चिन्ह एका छोट्या वाक्यासारखं आहे. त्यात चार शब्द आहेत.

पहिला शब्द, आयत. आडवा रिकामा आयत म्हणजे रेझिस्टर. दोन्ही बाजूंनी निघणाऱ्या रेघा म्हणजे त्याच्या तारा.

दुसरा शब्द, तिरकी रेघ. आयतावरून साधारण ४५ अंशांत गेलेली रेघ म्हणजे 'हा बदलतो'. इथे रेघेच्या टोकाकडे नीट बघा. टोकाला बाण असेल तर माणूस तो बदलतो, जसं रेडिओच्या आवाजाचं बटण किंवा पंख्याचा रेग्युलेटर. बाण नसेल तर तो स्वतःच बदलतो. थर्मिस्टरच्या रेघेला बाण नसतो.

तिसरा शब्द, शेपटी. तिरक्या रेघेच्या एका टोकाला छोटा आडवा तुकडा असतो, त्यामुळे ती हॉकी स्टिकसारखी दिसते. तिचा अर्थ, 'हा बदल सरळ प्रमाणात होत नाही'. वरचे आकडे पुन्हा बघा. ० ते २५ अंशांत २३ हजार ओहम कमी झाले आणि २५ ते १०० अंशांत फक्त ९,३०० कमी झाले. या बदलाचा आलेख सरळ रेषेचा नसतो, वाकलेला असतो. शेपटी तेच सांगते.

चौथा शब्द, अक्षर. शेजारी लहान 'टी' आणि अंशाचं चिन्ह, किंवा 'थीटा' हे ग्रीक अक्षर असेल, तर बदलाचं कारण तापमान. मधोमध आडवी रेघ असलेला लांबट गोल दिसला तर तो थीटा समजा.

चारही शब्द जोडले की वाक्य होतं: 'हा रेझिस्टर आहे, तो स्वतःहून बदलतो, सरळ प्रमाणात बदलत नाही आणि तापमानामुळे बदलतो.'

एनटीसी की पीटीसी, हे चिन्हावरून कसं कळतं?

यासाठी दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत वजा-अधिकची. 'टी'च्या आधी वजा असेल तर एनटीसी. अधिक असेल तर पीटीसी.

दुसरी पद्धत दोन बाणांची. चिन्हाशेजारी दोन छोटे उभे बाण असतात. एक तापमानाचा, दुसरा रेझिस्टन्सचा. बाण एकमेकांच्या उलट असतील (↑↓) तर तापमान वाढल्यावर रेझिस्टन्स उतरतो, म्हणजे एनटीसी. दोन्ही एकाच दिशेला असतील (↑↑) तर दोन्ही सोबत वाढतात, म्हणजे पीटीसी. हे बाण चिन्हाच्या शेजारी असतात, तिरक्या रेघेवर नसतात. रेघेवरच्या बाणाशी त्यांची गल्लत करू नका.

काही डायग्राममध्ये यातलं काहीच नसतं, फक्त 'टी' असतो. मग शेजारचं नाव बघायचं. आरटी, टीएच किंवा सरळ एनटीसी, पीटीसी असं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं आणि पुढे क्रमांक असतो. तेही नसेल तर तो सर्किटमध्ये कुठे बसवलाय, यावरून अंदाज घ्यावा लागतो. ते पुढे पाहू.

एकाच वस्तूची दोन चिन्हं का?

जुन्या किंवा अमेरिकी डायग्राममध्ये रेझिस्टर आयताने दाखवत नाहीत. तिथे करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी रेघ असते. थर्मिस्टर दाखवताना त्याच नागमोडी रेघेवर शेपटीवाली तिरकी रेघ ओढतात. काही ठिकाणी भोवती वर्तुळ काढून जवळ 'टी' लिहितात.

आयताचं चिन्ह आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचं, म्हणजे आयईसीचं आहे. आयईसी ६०६१७ या मानकात सगळी चिन्हं ठरवून दिली आहेत. भारतीय मानक ब्यूरोची आयएस १२०३२ ही मालिका त्याच वाटेने जाते. अमेरिकेत १९७५चं आयईईई ३१५ हे मानक अनेक दशकं चाललं.

व्यवहारात आपल्याकडे दोन्ही दिसतात. यंत्र कुठल्या देशात बनलं, डायग्राम कुठल्या सॉफ्टवेअरवर काढलं, यावर ते अवलंबून असतं. अर्थ मात्र एकच. आयत असो की नागमोडी, वाचायची ती तिरकी रेघ आणि अक्षर.

कोणकोणत्या चिन्हांशी गोंधळ होतो?

व्हॅरिस्टर: सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. तोच आयत, तीच तिरकी रेघ, तीच शेपटी. फरक फक्त अक्षराचा. 'टी'ऐवजी इंग्रजी 'यू' किंवा 'व्ही' असतो, म्हणजे कारण तापमान नसून व्होल्टेज. शेजारी एमओव्ही किंवा आरव्ही असं नाव दिसतं. प्रत्यक्षातही दोन्ही गोल चकत्यांसारखे दिसतात आणि पॉवर सप्लायमध्ये जवळजवळ बसलेले असतात. पण काम अगदी वेगळं. थर्मिस्टर करंटच्या वाटेत, एकापाठोपाठ जोडलेला असतो. व्हॅरिस्टर फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये आडवा जोडलेला असतो आणि व्होल्टेजचा झटका अंगावर घेतो. चुकून एनटीसी व्हॅरिस्टरच्या जागी लावला, तर तो फेज आणि न्यूट्रल जवळपास थेट जोडेल आणि फुटेल.

एलडीआर: प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर. याच्याकडे बाहेरून येणारे दोन तिरके बाण असतात. ते बाण म्हणजे उजेड.

व्हेरिएबल रेझिस्टर: तिरक्या रेघेला बाणाचं टोक. हाताने फिरवायचा.

पीटी-१००: कारखान्यांत वापरला जाणारा प्लॅटिनमचा सेन्सर. ० अंशांना १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५ ओहम, म्हणजे वाढ जवळपास सरळ प्रमाणात. म्हणून याच्या चिन्हात तिरकी रेघ असते, पण नियमाप्रमाणे शेपटी नसते.

थर्मोकपल: हा रेझिस्टरच नाही. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडून तो बनतो. चिन्हातही आयत नसतो, दोन रेघा एका टोकाला मिळतात.

चिन्ह कुठे आहे, यावरून काम कसं ओळखायचं?

१. वीज आत येते तिथेच, फ्यूजच्या मागोमाग

हा बहुतेक वेळा एनटीसी असतो. टीव्ही, एलईडी ड्रायव्हर, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय यांत आत रिकामा कपॅसिटर असतो. बटण दाबताक्षणी तो अधाशासारखा करंट ओढतो. आपली २३० व्होल्टची वीज शिखराला सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते, त्यामुळे हा धक्का मोठा असतो. थंड एनटीसी त्या क्षणी अडथळा बनून उभा राहतो. मग स्वतः तापतो, त्याचा रेझिस्टन्स उतरतो आणि करंटला वाट मोकळी होते. त्याच्यावर '५डी-९' असं छापलेलं असेल, तर २५ अंशांना ५ ओहम आणि चकतीचा व्यास ९ मिलिमीटर. चालू असताना ही चकती चांगलीच तापते, तो दोष नाही.

२. फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ

हा पीटीसी. मेकॅनिक त्याला रिले म्हणतात. कॉम्प्रेसरच्या मोटारीला सुरू होताना स्टार्ट वाइंडिंगची मदत लागते, चालू झाल्यावर ती नको असते. पीटीसी थंड असताना त्या वाइंडिंगला करंट देतो. काही क्षणांत तो तापतो, रेझिस्टन्स प्रचंड वाढतो आणि वाट बंद होते.

लाईट जाऊन लगेच आली, की पीटीसी अजून तापलेलाच असतो. तो स्टार्ट वाइंडिंगला करंट देत नाही. मोटार फिरत नाही, नुसती गुणगुणते, जास्त करंट ओढते आणि ओव्हरलोड तिला तोडतो. म्हणूनच फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्ये लाईट आल्यावर काही मिनिटं थांबायची सोय असते. ती नसेल तर लाईट परत आल्यावर तीन ते पाच मिनिटं थांबून फ्रिज लावा.

वरच्या एनटीसीलाही हेच लागू आहे. तापलेल्या एनटीसीचा अडथळा कमी असतो. लाईट क्षणभर जाऊन आली, तर रिकामा झालेला कपॅसिटर पुन्हा करंट ओढतो आणि त्याला अडवायला कुणीच नसतं. वारंवार लाईट जाणाऱ्या गावांत पॉवर सप्लायचे फ्यूज उडतात, त्याचं हे एक कारण.

३. दुसऱ्या साध्या रेझिस्टरच्या जोडीला, मधून निघालेली तार कंट्रोलरकडे

हा मोजणारा एनटीसी. एसी, बॅटरी, थर्मामीटर, गिझरचा डिस्प्ले यांत असतो. दोन रेझिस्टर व्होल्टेज वाटून घेतात. थर्मिस्टर बदलला की मधल्या बिंदूचं व्होल्टेज बदलतं आणि कंट्रोलर त्याचं तापमानात रूपांतर करतो. एसीत असे बहुतेक वेळा दोन असतात, एक खोलीच्या हवेसाठी आणि एक कॉइलच्या पाइपसाठी.

४. जुन्या डबा टीव्हीत, स्क्रीनभोवतीच्या कॉइलबरोबर

हा पीटीसी. टीव्ही लावल्यावर जो 'घुंऽ' असा आवाज यायचा, तो पडद्यावरचा चुंबकीय परिणाम घालवणाऱ्या कॉइलचा होता. काही क्षणांत पीटीसी तापून तो करंट बंद करायचा.

तार तुटली तर काय होतं?

वजा-अधिकचं खरं महत्त्व इथे कळतं.

तार तुटली की रेझिस्टन्स अमर्याद होतो. एनटीसीच्या भाषेत खूप जास्त रेझिस्टन्स म्हणजे खूप थंडी. पीटीसीच्या भाषेत खूप जास्त रेझिस्टन्स म्हणजे खूप उष्णता. एकाच बिघाडाचा अर्थ दोन सर्किटं अगदी उलट लावतात.

आधी मोटारीचं उदाहरण घेऊ. कारखान्यातल्या मोठ्या मोटारींच्या वाइंडिंगमध्ये पीटीसी पुरलेले असतात. ठरलेलं तापमान ओलांडलं की रेझिस्टन्स चढतो आणि रिले मोटार बंद करतो. तार तुटली तरी रिलेला तेच दिसतं, 'तापलंय', आणि मोटार बंद होते. काम थांबतं, पण मोटार जळत नाही. बिघाड सुरक्षित बाजूला जातो. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर मात्र उलटं होतं, रिलेला मोटार थंड वाटते. म्हणून चांगले रिले अगदी कमी रेझिस्टन्सही बिघाड म्हणून ओळखतात. (शेतातल्या पंपाच्या साध्या स्टार्टरमध्ये असतो तो ओव्हरलोड रिले. तो करंट बघतो, वाइंडिंगचं तापमान बघत नाही.)

आता नवजात बाळाचं उदाहरण.

भूकंपानंतर सास्तूरमध्ये स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं. अशा कोणत्याही रुग्णालयात, जिथे बाळंतपणं होतात, तिथे नवजात बाळासाठी रेडियंट वॉर्मर लागतो. बाळाच्या वर हीटर असतो आणि बाळाच्या त्वचेला एक छोटा सेन्सर चिकटवलेला असतो. हा सेन्सर बहुतेक वेळा एनटीसी थर्मिस्टरच. वैद्यकीय प्रोबचा एक जुना आणि प्रचलित प्रकार २५ अंशांना २,२५२ ओहम दाखवतो आणि ३७ अंशांना सुमारे १,३५५ ओहम. जागतिक आरोग्य संघटनेनुसार नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या मध्ये असायला हवं. वॉर्मर ओहम मोजतो आणि त्याप्रमाणे हीटर कमी-जास्त करतो.

समजा प्रोबची तार आतून तुटली. रेझिस्टन्स अमर्याद झाला. एनटीसीच्या हिशोबाने बाळ बर्फासारखं गार पडलंय. फक्त तेवढ्यावर चालणारं सर्किट असेल तर ते काय करेल? हीटर पूर्ण जोरात लावेल. बाळ आधीच उबदार असेल तरीही.

म्हणून अशा यंत्रांना एनटीसीवर डोळे झाकून विश्वास ठेवायची मुभा नसते. नवजात बाळांच्या यंत्रांसाठी आयईसीची वेगळी सुरक्षा मानकं आहेत. प्रोब निघाला, त्याची तार तुटली किंवा शॉर्ट झाली, तर यंत्राने ते ओळखून अलार्म द्यायचा आणि हीटर रोखायचा, हे त्यामागचं तत्त्व. डायग्राममध्ये वजा-टी असलेला आयत दिसला, की त्याच्या पुढे 'अशक्य इतका जास्त रेझिस्टन्स' ओळखणारा भाग शोधायचा असतो, तो याच कारणासाठी.

एक बिघाड मात्र सर्किटला सहज ओळखता येत नाही. प्रोब शाबूत आहे, पण बाळाच्या अंगावरून सुटून गादीवर पडलाय. तेव्हा तो बाळाचं तापमान सांगत नाही, गादीचं सांगतो. म्हणून नर्स पुन्हा पुन्हा प्रोब नीट चिकटलाय का ते बघतात आणि थर्मामीटरने वेगळं तापमानही घेतात.

त्या डिजिटल थर्मामीटरच्या धातूच्या टोकातही बहुतेक वेळा एनटीसीच असतो. घरी गेलेल्या बाळाच्या भेटीला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जातात, तेव्हा हाच थर्मामीटर त्यांच्या सोबत असतो. घरपोच नवजात बाळ सेवेची ही कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आजमावली आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. बाळ गार पडतंय का, हे वेळेत कळणं हा त्या कामाचा एक महत्त्वाचा भाग आहे.

'साधा रेझिस्टर लावून टाकू' या जुगाडात काय धोका आहे?

मोबाईल, इन्व्हर्टर किंवा ई-स्कूटरची बॅटरी 'तापमान जास्त' म्हणून चार्जिंग थांबवते. मग कुणीतरी सुचवतं, 'ती एनटीसीची वायर काढ आणि १० किलोचा साधा रेझिस्टर जोड, मेसेज येणार नाही.'

मेसेज खरंच येत नाही, आणि धोका तिथेच आहे. साधा १० किलोचा रेझिस्टर कायम १० किलोच राहतो. सर्किटला वाटतं की बॅटरी कायम २५ अंशांवर आहे. लिथियम बॅटरी साधारण ० ते ४५ अंशांच्या मध्येच चार्ज करावी असं मानलं जातं. ४५ अंशांना खरा एनटीसी सुमारे ४,३५० ओहम दाखवून चार्जरला थांबवतो. साधा रेझिस्टर ६० अंशांनाही '२५' म्हणत राहील. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली गाडी चार्जिंगला लावली असेल, तर ही थाप महागात पडू शकते.

डायग्राममध्ये या बदलाचा अर्थ एवढाच की आयतावरची तिरकी रेघ पुसली गेली. पण त्या रेघेबरोबर बॅटरीचा एकमेव तापमापक गेला.

चुकीच्या किंमतीचा थर्मिस्टर लावणं हाही असाच प्रकार. १० किलोच्या जागी ५ किलोचा लावला, तर खोली २५ अंशांवर असताना एसीला ती ४१ अंशांवर वाटेल आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेणार नाही. म्हणून बदलताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: एनटीसी की पीटीसी, २५ अंशांची किंमत आणि बीटा.

घरी तपासायचा कसा?

आधी सुरक्षिततेचं. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज शिल्लक राहू शकते. त्यामुळे विजेच्या थेट वाटेतले थर्मिस्टर आणि रुग्णालयातली यंत्रं जाणकारांवर सोडा. एसीचा किंवा थर्मामीटरचा प्लगने निघणारा सेन्सर मात्र सुटा करून तपासता येतो.

• मल्टीमीटर ओहमवर ठेवा. सेन्सर सर्किटपासून वेगळा करा.
• खोलीचं तापमान लक्षात घ्या. उन्हाळ्यात १० किलोचा एनटीसी ५ किलोच्या आसपास दिसणं योग्यच आहे.
• सेन्सर मुठीत धरा. एनटीसीचा आकडा सावकाश उतरला पाहिजे. सोडला की पुन्हा चढला पाहिजे.
• आकडा अजिबात हलत नसेल, शून्य असेल किंवा मीटर 'ओपन' दाखवत असेल, तर तो गेला.
• फ्रिजचा पीटीसी रिले काढून कानाजवळ हलवा. आत तुकडे खुळखुळत असतील, तर चकती फुटली आहे.

आणि डायग्राम हातात असेल तर सुरुवात नेहमी त्याच क्रमाने करा: आधी तिरकी रेघ, मग तिचं टोक, मग अक्षर, आणि शेवटी वजा की अधिक.